एलएसटी-325, 1/350: जहाज वाळूवर टेकलं

मंडळी, दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि ट्रक थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एलएसटी-325 या जहाजाचं मॉडेल करायला घेतलंय, खऱ्याच्या 350व्या हिश्शाएवढं. तीन रविवार खर्ची पडले, पण जहाज एकदाचं वाळूवर बसलं. पाण्यात तरंगणारं करायचं नाही, ओहोटीत कोरडं पडलेलं करायचं, हे पहिल्यापासून ठरलं होतं. त्याला कारण एक फोटो. 12 जून 1944, नॉर्मंडी. शेजारी त्याच जातीचं एलएसटी-388, दोन्ही जहाजांचे पंखे आणि सुकाणू उघडे, 325च्या मागच्या टोकाला नांगर. एरवी पाण्याखाली झाकलेलं सगळं समोर. आणखी काय हवं!

तो मागचा नांगर नीट जमायलाच हवा होता. किनाऱ्याकडे येताना तो मागे टाकायचा आणि परत निघताना त्याचीच तार विंचवर (तार ओढायच्या यंत्रावर) गुंडाळत जहाज वाळूतून ओढून काढायचं. किटमधला म्हणजे नुसता गोळा. प्लास्टिक शीटचे नवे फाळ कापले. एक चिमट्यातून उडाला तो अजून सापडलेला नाही.

बेस आधी सपाट केला, तो फुकट गेला. ही जहाजं पन्नासाला एक उताराच्या किनाऱ्यासाठी आखलेली. खरी लांबी 328 फूट, मॉडेल साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे उतार जेमतेम पावणेसहा मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण सपाट बेसवर जहाज शोकेसमध्ये ठेवल्यासारखं दिसत होतं. वाळूसाठी खरी वाळू घेऊ नका. पाव मिलिमीटरचा कण या स्केलला जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो. टाइल्सच्या फटीत भरायचं ग्राउट वापरलं, झकास बसलं.

वेदरिंग, म्हणजे रंगाने जुनं-वापरलेलं रूप देणं, करताना एक लक्षात ठेवा. भर समुद्रात बॅलास्ट टाक्या (वजनासाठीच्या) पाण्याने भरून जहाज खाली बसवत, किनाऱ्याजवळ उपसून वर आणत. त्यामुळे पाण्याची रेघ एकाच उंचीवर नको, दोन-तीन पुसट द्या.

गंजाला मात्र हात आवरला. इंग्लिश खाडीतल्या चाळीसहून जास्त फेऱ्यांपैकी बहुतेक या फोटोनंतरच्या. बुडणाऱ्या ‘एम्पायर जॅव्हलिन’ या जहाजावरच्या सुमारे 700 जणांना वाचवलं, तेही डिसेंबरात. पण इटलीतल्या सिसिली आणि सालेर्नोच्या मोहिमा आधीच झालेल्या, तेव्हा अगदी कोरंही चालणार नाही. वर हे जहाज अजून अमेरिकेत इव्हान्सव्हिलला तरंगतंय, त्यामुळे चुका काढणाऱ्यांची चंगळ!

पुढचा रविवार पुढची दारं आणि रॅम्प. बारा ट्रक रंगवून तयार आहेत, चाकं तेवढी राहिलीत.