सरासरीत न सापडणारं रोप

रोपाची उंची मोजताना खोड हाताने ताणून सरळ करायचं नसतं. रोप जसं उभं आहे तसंच ठेवायचं आणि जमिनीपासून सगळ्यात वरच्या पानापर्यंतचं सरळ अंतर घ्यायचं. फुलोऱ्याचा दांडा कितीही वर गेला तरी तो धरायचा नाही. रोप उजेडासाठी पानं कुठवर नेतं, एवढंच आपल्याला हवं असतं.

त्या दिवशी माळावर एकाच जातीची, फुलावर आलेली रोपं आम्ही मोजत होतो. सकाळभर पायवाटेकडेची झाली. 6 सेंमी, 8 सेंमी, 7 सेंमी, सगळी बोटभर. जनावरांनी शेंडे कुरतडलेले, तरी फुलं आलेली. मग एका काटेरी जाळीत हात घातला, तर आत त्याच फुलांचं रोप 41 सेंमी! आकडे लिहून घेणारी विद्यार्थिनी थांबलीच. "ताई, ही वेगळी जात असणार." भिंग काढलं. पानांची मांडणी, खोडावरची लव, फुलाचे भाग, सगळं तेच. जाळीत आणखी शोधलं, तर सगळीच रोपं गुडघ्याला टेकलेली.

खरा वेळ खाल्ला पानांनी. पान पूर्ण उमललेलं पण कोवळं, उन्हातलं आणि निकोप घ्यायचं, असा नियम. जाती एकमेकींशी ताडून बघता याव्यात म्हणून तो हवाच. पण वाटेकडेच्या रोपांवर धड पान मिळेना. एकेक पान उजेडाकडे धरावं, तर कुठे अळीचं भोक, कुठे तांबेऱ्याचे ठिपके. शेवटी मिळालं ते नशीबवान पान, त्या रोपाचं नेहमीचं नव्हे. हे मला फार खुपतं. म्हणून प्रत्येक रोपावर किती पानं खाल्लेली होती, तेही वेगळ्या रकान्यात लिहिलं.

खुडलेली पानं ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून थंड पेटीत ठेवली. सुकलं की पान आकसतं आणि क्षेत्रफळ चुकतं. प्रयोगशाळेत ती स्कॅनरवर सपाट ठेवली, मग 70 अंशांवर तीन दिवस वाळवून तोलली. वाटेकडेचं एक पान 1240 चौरस मिमी आणि 62 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅममागे 20 चौरस मिमी. जाळीतलं 1500 चौरस मिमी आणि फक्त 50 मिलिग्रॅम, म्हणजे 30. सावलीतलं रोप तेवढ्याच ऐवजात जास्त पसरट, पातळ पान करतं आणि मिळेल तो उजेड टिपतं. उन्हातलं पान जाड होतं. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण एकाच जातीत, हाताच्या अंतरावर, तराजूवर बघताना अंगावर काटा आला.

2016 साली जगभरातल्या 46,000 हून अधिक जातींची उंची, पानांचं क्षेत्रफळ, बियांचं वजन असे सहा गुणधर्म एकत्र मांडून वनस्पतींच्या जगण्याच्या मुख्य दिशा दाखवल्या गेल्या. ते काम मला अतिशय मोलाचं वाटतं. पण तशा मांडणीत एका जातीला एकच आकडा मिळतो. आमच्या जातीची सरासरी काढली तर ती 24 सेंमीच्या आसपास जाते, आणि तेवढ्या उंचीचं एकही रोप त्या माळावर नव्हतं! म्हणून माझा आग्रह आहे की आकडे रोपागणिक द्यावेत. 2007 पासून चालू असलेल्या 'ट्राय' या जागतिक माहितीसाठ्यात तशी सोय आहेच.

फरक चराईचा, सावलीचा की मुळातल्या वाणाचा, हे नुसत्या मोजमापातून सांगता येणार नाही. दोन्हीकडच्या रोपांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत. बी पिकलं की एकाच मातीत, एकाच उजेडात शेजारी शेजारी पेरणार आहोत.