यरुशलेम, पवित्र कबरेचं चर्च

प्रभू येशूच्या कबरेपाशी ही भलीमोठी रांग, रेटारेटी आणि आत जेमतेम मिनिटभर. खरं सांगू, तिथं प्रार्थना सुचलीच नाही. पण दारातून आत शिरताच अभिषेकाची शिळा आहे, तिथून मात्र पाय निघेना. प्रभूचं शरीर इथं सुगंधी द्रव्यं लावून दफनासाठी तयार केलं, अशी श्रद्धा. आताची शिळा 1810 सालची, हे ठाऊक असूनही गुडघे आपोआप टेकले. तेलानं ओलसर झालेली, हाताला वास राहतो. शेजारी एक आजी आपला रुमाल शिळेवरून फिरवून जपून घडी घालत होत्या. भाषा कळेना, डोळे दोघांचेही भरलेले.

गंमत म्हणजे इथं सहा ख्रिस्ती पंथ वावरतात, जागेवरून भांडतातही, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे! प्रभूलाही हसू येत असेल. उद्या पहाटे दार उघडताच पुन्हा जाणार. तेव्हा गर्दी कमी असते म्हणे.