आमची वाटचाल : शंभर मीटरवरून पाऊण मीटरवर

बोअर कुठे घ्यायचा हे सांगणे, हा आमचा मूळ धंदा. जमिनीचा विद्युत रोध मोजणारा रेझिस्टिव्हिटी मीटर, चार सळ्या, वायरची रिळे आणि ऐंशी-शंभर मीटर खोलीवरच्या खडकातल्या भेगा. आता त्याच तंत्राने जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधतो, पण पाहायचे असते जमिनीखाली जेमतेम पाऊण मीटर. तत्त्व तेच, हातोटी मात्र पूर्ण बदलावी लागली.

आधी गावात विचारायचे, पांढरी कुठली? कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. राख, शेण आणि पडक्या मातीच्या भिंती मिसळून त्या जमिनीचा रंगच पालटलेला असतो. १६३०-३२ च्या दुष्काळासारख्या संकटांत दख्खनमधली पुष्कळ गावे ओस पडली. वस्ती उठली तरी शेताचे नाव बहुधा टिकते. घोटाळा असा, की धाब्याच्या घरांच्या छपरांवर पसरायला आणि शेतात खत म्हणून ही माती गाड्या भरभरून उपसली गेली. ते खड्डे पुढे काळ्या मातीने भरले, आणि मोजणीच्या नकाशावर हुबेहूब खोल्यांसारखे दिसतात. म्हणून उपसा कुठे झाला, हे म्हाताऱ्या माणसांकडून समजून घेतल्याशिवाय आम्ही दोरी ताणत नाही.

दोरीचा चौकोन २० बाय २० मीटर. कर्ण २८.२८ मीटर भरला तरच काटकोन खरा. खुंट्या बांबूच्या, लोखंडी खिळा चुंबकीय मोजणीत खोटा ठिपका उमटवतो. रोधाच्या मोजणीसाठी एका चौकटीवर अर्ध्या मीटर अंतराने दोन सळ्या, आणि दूर रोवलेली दुसरी जोडी. ही जोडी चौकोनाच्या जवळच्या कडेपासून किमान १५ मीटर लांब हवी, म्हणजे फिरत्या सळ्यांमधील अंतराच्या तीसपट. जवळ रोवली तर कडेची मापे तिच्यामुळे ढळतात. दर मीटरला एक माप, म्हणजे चौकोनाला ४०० मापे. दूरची जोडी हलवावी लागली, की फिरती चौकट जुन्याच बिंदूवर उभी ठेवून दूरच्या सळ्यांतले अंतर कमीजास्त करायचे आणि पहिले माप पुन्हा जुळवायचे. हे चुकले तर नकाशावर सरळ रेषेची पायरी पडते, आणि कोणीतरी तिला भिंत म्हणतेच!

खरी अडचण हंगामाची. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते; सळीभोवती हवा राहते आणि आकडे उड्या मारू लागतात. बोअरच्या कामात सळीपाशी मिठाचे पाणी ओतले की भागते, इथे त्या ओतण्याचाच डाग उमटतो. भर पावसात सगळे इतके ओले, की फरक उरत नाही. खरीप निघाल्यावर आणि रब्बीची पेरणी होण्यापूर्वी जे थोडे दिवस मिळतात, ते आमचे. उसात तर शिरताच येत नाही.

चुंबकीय मोजणीला ग्रेडिओमीटर घेतो, म्हणजे जमिनीच्या चुंबकत्वातले बारीक फरक टिपणारे यंत्र. चूल, कुंभाराची भट्टी, जळालेली भिंत यांची माती तापून निवताना चुंबकत्व धरून ठेवते, म्हणून त्या उठून दिसतात. पण आपला बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय. भिंतीच्या पायातला एक दगडही भट्टीएवढा ठसा उमटवतो. त्यामुळे मुरमाड माळावर हे यंत्र आम्ही काढतच नाही. घोड, भीमा, प्रवरेकाठी खडकावर गाळाचा जाड थर असेल तिथेच त्याचा उपयोग. चालणाऱ्याच्या अंगावर बेल्टचे बक्कल, किल्ल्या, मोबाईल नको. बाईमाणूस असेल तर साडीच्या पिना आणि केसांतले आकडेही उतरवायचे. सोन्याचे मंगळसूत्र चालते. शेजारची पाण्याची मोटर आणि काटेरी तारेचे कुंपण मात्र उतरवता येत नाही, तेवढी पट्टी सोडून द्यायची.

जीपीआरची, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचे परतणे टिपणाऱ्या रडारची, मागणी फार होते, कारण टीव्हीवर तेच दिसते. ओल्या काळ्या मातीत चिकणमाती लहरी गिळून टाकते आणि अर्ध्या मीटरखाली बहुतेक वेळा काहीच येत नाही. देवळाच्या फरसबंद आवारात, कोरड्या भरावात ते चांगले चालते.

अहवालात आता 'काय दिसू शकत नव्हते' असा वेगळा परिच्छेद असतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खननात उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे ताम्रपाषाण युगाच्या अखेरच्या, गोल झोपड्या उघड्या केल्या. अशा झोपड्या ओळखायच्या त्या खांबांच्या वीतभर भोकांवरून. एक मीटरच्या जाळीत ती भोके सापडणे शक्यच नाही. गढीची भिंत, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा), बुजलेला आड, राखेचा उकिरडा एवढे हाती लागते. कोरा आलेला चौकोन म्हणजे रिकामी जमीन, असे आम्ही लिहीत नाही.

सध्या एकच चौकोन दिवाळीनंतर आणि, जमीन रिकामी मिळाली तर, पुन्हा शिमग्याच्या सुमारास मोजतो. पेवातल्या भुसभुशीत भरावात भोवतालच्या मातीपेक्षा ओल जास्त टिकली असेल, तर पहिल्या नकाशात न दिसलेला गोल डाग दुसऱ्यात कमी रोधाचा म्हणून वर येतो.