पडलेल्या पुंगळ्या कुणाच्या?

बेळगावात राहणाऱ्याला गोळीबाराच्या आवाजाचं फारसं काही वाटत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं 1922 पासून आहे. रेंजवर सराव असला आणि वारा आपल्या बाजूचा असला, की सकाळच्या चहाबरोबर टप्‌-टप्‌ घरात येतं. दचकतात ते पाहुणे. आपण म्हणायचं, "काही नाही हो, फायरिंग चाललंय," आणि पोह्यांची बशी पुढं करायची. सुटलेली गोळी कुठं जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं, निशाणामागच्या मातीच्या बांधात. पण मारणाऱ्याच्या बाजूला काडतुसाची जी रिकामी पुंगळी पडते ती कुणाची, हा प्रश्न बंदुकीशी थोडाफार संबंध आल्याशिवाय पडत नाही. (बेळगावात 'हे कुणाचं' असं विचारलं की माणसं आधी दुसराच विषय समजतात. तो विषय आज नाही.)

माझा संबंध आला कॉलेजात, एनसीसीमुळे. .22 ची बोल्टची रायफल, खाली अंथरलेली दरी, ओळीनं पालथे पडलेले आम्ही आणि मागं शिकवणारे उस्ताद. गोळी मारली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागं ओढायचा. दमात ओढला तर पुंगळी उडून शेजाऱ्याच्या दरीवर, घाबरत ओढला तर आपल्याच कोपराशी. जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची ती वस्तू. बुडाच्या कडेला पिनेनं पाडलेला चपटा खळगा, तोंडाशी काजळी, हातात घेतली तर अजून कोमट. खिशात टाकावीशी वाटायचीच. पण टाकता यायची नाही, कारण सराव संपला की मोजणी असे. दिलेली काडतुसं इतकी, न उडालेली इतकी, म्हणजे पुंगळ्या इतक्याच भरल्या पाहिजेत. एक कमी भरली की सगळी ओळ गुडघ्यांवर, बोटांनी गवत विंचरत. उस्ताद आवाज न चढवता म्हणायचे, "खोखा मिलेगा, तभी गाडी चलेगी." खोखा म्हणजे पुंगळी. आणि ते खरंच असायचं.

तेव्हा वाटायचं, एवढ्याशा पितळेसाठी सरकार किती चिकट! पुढं कळलं की पितळेचा प्रश्नच नव्हता. .22 ची पुंगळी पुन्हा भरण्याच्या उपयोगाची नसते. पेट घेणारा मसाला तिच्या बुडाच्या कडेतच ओतलेला असतो, कड एकदा चेपली की तिचं आयुष्य संपलं. मोजायची ती हिशेबासाठी. रिकामी पुंगळी परत आली याचा अर्थ काडतूस नळीतून गेलं, कुणाच्या खिशातून गेलं नाही. त्यामुळं तिथं शिष्टाचार वगैरे काही नव्हता. जमिनीवर पडलेलं सगळं सरकारचं, आणि वाकायचं ते हुकमानं.

शिष्टाचार पाहायला मिळाला तो अण्णाकडं. अण्णा म्हणजे माझा आतेभाऊ. इथल्याच शहापुरात वाढला, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे. इथं असताना या माणसानं दिवाळीत लवंगी सोडून दुसरा फटाका लावला नाही. तिथं मात्र त्याच्या गॅरेजात, आपल्याकडं लोणच्याच्या बरण्या ठेवतात तशा ओळीनं, पुंगळ्यांच्या बरण्या. प्रत्येकीवर माप लिहिलेलं, किती वेळा भरून झाली तेही लिहिलेलं. वहिनी त्या फळीकडं बघतही नाही.

पुंगळी भरण्याचं तंत्र समजल्याशिवाय तिच्यासाठी माणसं एवढं अदबीनं का वागतात ते कळत नाही. काडतुसाचे चार भाग: पुढची गोळी, आतली दारू, बुडातलं पेट देणारं प्रायमर आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. बार उडाला की पहिले तीन कामातून जातात, चौथी उरते, आणि चौघांत बहुधा तीच महाग. पितळही साधं नाही. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. बाराच्या दाबानं पुंगळी फुगते आणि नळीच्या घराला घट्ट चिकटून बसते, म्हणून वायू मारणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की तीच किंचित आक्रसते, म्हणून ओढून काढता येते. हे फुगणं-आक्रसणं ज्या धातूला जमतं तो कामाचा. अण्णा त्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात घोळवून लख्ख करतो, साच्यातून दाबून मापावर आणतो, जुनं प्रायमर काढून नवं बसवतो, दारू काट्यावर तोलतो. तिथलं त्याचं वजन ग्रेन, एका पौंडात 7000. त्यात हयगय चालत नाही. त्या वेळी घरात कुणी बोललेलंही त्याला चालत नाही. बेतानं भरली तर रायफलीची पुंगळी पाच-सहा वेळा सहज चालते, पिस्तुलाची त्याहून कितीतरी जास्त. मग कधीतरी तोंडाशी चीर जाते किंवा बुडाच्या वर चकाकती रेघ दिसायला लागते. ती दिसली की मोडीत.

यातच मालकीची खरी मेख आहे. पुंगळी ज्या रायफलीत फुगली त्या रायफलीच्या मापाची होऊन बाहेर येते. त्यामुळं दुसऱ्याची पुंगळी तुम्हाला मिळाली तर पितळ मिळतं, त्याची गेली तर मापाला बसलेली वस्तू जाते. शिवाय त्याला ती कितव्यांदा भरली ते ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. उचलणाऱ्याचा फायदा थोडा, ज्याची गेली त्याचं नुकसान मोठं. असल्या व्यवहारात चोरी करणारा कमी आणि बेफिकीर जास्त, असं माझं मत झालंय.

अण्णाबरोबर त्याच्या रेंजवर गेलो. पाहुण्या व्हिसावर आलेल्याला तिथल्या कायद्यातही बंदूक हाती घेण्यावर बंधनं आहेत, म्हणून मी मागच्या बाकावर. तिथून नेमबाजी कमी आणि माणसंच जास्त दिसतात. ओळीत सगळ्यांचा बार चालू असताना कुणीही वाकत नाही. पुंगळी पायाशी पडलेली असो, चांगली रायफलीची असो, डोळ्यांनी बघायची आणि उभं राहायचं. रेंजचा माणूस "सीझ फायर" ओरडतो, सगळ्यांच्या बंदुका उघड्या आणि रिकाम्या होऊन टेबलावर येतात, सगळे मागं सरतात, "कोल्ड", म्हणजे बार बंद, असं जाहीर होतं, तेव्हाच पुढं जायचं. मग बंदुकीला हात नाही. निशाणाचे कागद बदलायचे आणि मधल्या वेळात पुंगळ्या. हे सगळं सांगायची गरज पडते ती नवख्याला. जुन्यांचे गुडघेच तेवढे बोलतात.

आपोआप भरणाऱ्या बंदुका रिकामी पुंगळी उजवीकडं भिरकावतात, दोन-तीन मीटरसुद्धा. म्हणजे आपलं पितळ कायम उजव्या शेजाऱ्याच्या हद्दीत. कधी त्याच्या टोपीवर, कधी कॉलरमधून आत. मग तो नाचतो. नाचतानासुद्धा नळी समोरच ठेवायची, हा तिथला पहिला संस्कार. काही जण बंदुकीला जाळीची पिशवी लावतात, म्हणजे सगळं पिशवीत. फिरत्या चकरीच्या रिव्हॉल्वरवाल्याला हा त्रास नाही, तो आपल्या पुंगळ्या ओंजळीत काढून घेतो आणि आपल्या वाटेला जातो.

बाकी सगळं एका प्रश्नावर चालतं. वाकण्याआधी विचारायचं, "तुम्ही तुमच्या पुंगळ्या ठेवताय काय?" अण्णाच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण होता. नवीन पिस्तूल, दुकानाच्या ताज्या डब्या. अशा माणसाच्या पुंगळ्या म्हणजे एकदाच उडालेल्या, इतिहास स्वच्छ. अण्णाच्या मनात काय चाललंय ते मला मागूनही दिसत होतं. पण त्यानं पोराचं सगळं संपू दिलं, निशाणावर एक-दोन वाक्यं बोलला आणि मग विचारलं. पोरगं म्हणालं, घ्या की सगळ्या. (इंग्रजीत म्हणालं, पण सूर अगदी आमच्या टिळकवाडीतला.) अण्णानं वेचल्या, आणि वेचता वेचता पोराच्या पायाशी पडलेलं एक न उडालेलं काडतूस उचलून त्याच्या टेबलावर ठेवलं. लोखंडी पुंगळ्या चुंबकानं बाजूला काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आपल्याला नको ते तिथंच सोडून जाणं हेही वाईट समजतात. शेवटी दोघांनी हात धुतले. बारात शिसं असतं, तसल्या हातानं सँडविच खायचं नाही.

सगळीकडं असं विचारून भागत नाही. काही रेंजवर पाटीच असते, की जमिनीला टेकलं ते रेंजचं. जिथून गोळी मारतात त्या लाल रेषेच्या पुढं पडलं की आशा सोडायची. स्पर्धांत तर कित्येकदा आधीच सांगून टाकतात की पुंगळ्या कुणी वेचायच्या नाहीत, वेळ जातो. नंतर त्या स्पर्धा भरवणाऱ्यांना मिळतात. अशा ठिकाणी अण्णा आपल्या चांगल्या पुंगळ्या नेतच नाही. मला हे नियम रुक्ष वाटले, पण भांडणापेक्षा बरे.

हा प्रश्न विचारण्याची रीत मला परकी वाटली नाही, कारण ती मी शेतात बघितलेली आहे. आमच्या पश्चिम भागात रताळी आणि भुईमूग निघाला की मागं सरवा वेचायला बाया-पोरं येतात. रानात राहिलेलं त्यांचं, हे सगळ्यांना मान्य. पण मालकाची गाडी भरून बांधावरून हलल्याशिवाय कुणी सरीत पाय घालत नाही. आणि गाडी हलल्यावरही एखादी म्हातारी हाळी देतेच, "मामा, शिरू काय?" मामाचं उत्तर ठरलेलं असतं, तिलाही ते ठाऊक असतं. न विचारता शिरणाऱ्याला मामा अडवणार नाही, पण पुढच्या वर्षी त्याचं नाव लक्षात ठेवेल. अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, "व्हय की, माझी आजी तशीच विचारायची." आणि पुन्हा चाळणीत डोकं.

आपल्याकडं मात्र घरी काडतूस भरण्याचा विचारही करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा. खानापूरच्या जंगलकडेला डुकरांनी भात-ऊस उद्ध्वस्त केला तर पीकराखणीसाठी परवान्याची बंदूक असलेले शेतकरी आहेत. बारा बोअरची काडतुसं ते दुकानातूनच आणतात, पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची. त्यांचं नळकांडं प्लॅस्टिकचं, पितळ नुसतं बुडाला. ते बांधावर पडलं तर पोरं त्याची शिट्टी करायला बघतात आणि बाप ओरडतो. जुन्या माणसांकडं ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी असतात. तीत पुंगळीच नाही, वरून दारू ओता, ठासा, उडवा, मागं वेचायला काही उरत नाही. या भागाला हत्यारांच्या हिशेबाचा इतिहासही जुना आहे. 1857 साली कंपनी सरकारनं हत्यारं जमा करायला सांगितली तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी ती दिली नाहीत आणि गाव जाळून घेतलं.

अण्णा एकदा येताना पुंगळ्यांच्या किल्लीच्या साखळ्या आणणार होता, भाचरांना वाटायला. मी फोनवरच नको म्हटलं. सांबऱ्याच्या विमानतळावर बॅगेच्या तपासणीत पडद्यावर ती दिसली, तर रिकामी आहे, शोभेची आहे, हे पटवण्यात दिवस जाईल आणि वर वकील लागेल. त्यापेक्षा चॉकलेटं आण म्हटलं. आणली.

एक गोष्ट मात्र अजून आमच्यात मिटलेली नाही. गर्दीच्या दिवशी घोळ होऊ नये म्हणून तिथले लोक पुंगळीच्या बुडाला मार्करनं रंगाची रेघ ओढतात. अण्णाचा रंग अर्थातच भगवा. तरी दर खेपेला दोन-चार भगव्या रेघांच्या पुंगळ्या दुसऱ्याच्या बादलीत जातात, आणि त्याला त्या दिसतात. तो बोलत नाही. म्हणतो, त्या माणसानं मुद्दाम नसेल घेतल्या, चार पुंगळ्यांसाठी शेजार कशाला नासवायचा? माझं म्हणणं, रंग लावलाय तो दाखवायलाच की! "अहो, चार माझ्या आल्या बघा तुमच्यात," एवढं हसून म्हटलं तर कुणाचा अपमान होतो? यावर त्यानं मला विचारलं, एनसीसीत शेजारच्या दरीवरची पुंगळी तू कधी 'माझी' म्हणून मागितलीस काय? मी म्हटलं, मागायची काय, तिथं आम्ही दोघंही ती एकमेकांच्या अंगावर ढकलायचो. ज्याच्या मोजणीत जास्त भरेल, त्याची चौकशी आधी.