शंभरचं

बुधवार, रात्री साडेदहा

"एकशे चारचं टाकू का काका? लिटर पूर्ण होईल."

एवढंच म्हणाला पेट्रोल पंपावरचा तो पोरगा. खोचून नाही, हसून नाही. भलेपणानंच म्हणाला असणार. आणि मी "नको, शंभरचंच टाक" हे असं काही फटकन म्हणालो की मागच्या बुलेटवाल्यानं मोबाईलमधून डोकं वर काढलं. पोरगा गप्प झाला. "झिरो बघा," म्हणाला. मी शून्य बघितलं, त्यानं शंभरचं टाकलं. मशीन थांबलं तेव्हा वर १००.००, खाली ०.९७. नोट दिली, डिकीतली फडकी-पिशव्या परत आत कोंबल्या, सीट आपटून लावली आणि निघालो. कॅडबरीच्या सिग्नलपर्यंत कान गरम होते.

घरी येऊन हेमाला सांगितलं. ती म्हणाली, "मग टाकायचं ना चारचं जास्त. सुट्टे नव्हते?" होते. वरच्या खिशात पाचाचं नाणं होतं, सकाळी कोथिंबीरवाल्यानं परत दिलेलं. म्हणजे तेही कारण नाही.

मग नेमकं काय लागलं?

संध्याकाळपासून एकच डोक्यात फिरतंय : त्याला काय वाटलं असेल? माझ्याकडे चार रुपये नाहीत असं? आज तो उसवलेल्या कॉलरचा शर्ट घातला होता, तो बघून? वय असेल वीस-बावीस. मी तुर्भ्याला नोकरीला लागलो तेव्हा त्याचा जन्मही झाला नसेल. आणि तो मला लिटर पूर्ण करून देणार. चार रुपयांत. जसं काही शाळेतला मास्तर पस्तीसला चार मार्क कमी पडलेल्याला ढकलून पास करतो.

"शंभरचं" मी कधीपासून म्हणतोय ते आज पहिल्यांदा मोजलं. साधारण २००२ पासून. त्या आधी पन्नासचं म्हणायचो. तेव्हा शंभरात तीन लिटर यायचं, वर चार-पाच थेंब. कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे आणि तसंच परत, पस्तीसेक किलोमीटर. आप्पांची, म्हणजे वडिलांची, चेतक चाळीसचं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे तीन दिवस बिनघोर. चौथ्या दिवशी गाडी रिझर्व्हला यायची आणि घरी पोचेपर्यंत देवाचं नाव. एकदा विटाव्याच्या रेल्वे पुलाखालीच बंद पडली. मागून एसटी भोंगा वाजवतेय, आणि मी गाडी आडवी करून टाकीतलं उरलंसुरलं कार्ब्युरेटरकडे पाठवतोय. ती तिथून थेट ऐरोलीच्या पंपापर्यंत आली, शपथेवर सांगतो.

पुढे पेट्रोल चाळीसचं झालं, पन्नासचं झालं. २००८ च्या जूनमध्ये एका फटक्यात पाच रुपयांनी वाढलं. पुढच्याच महिन्यात कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरला जाऊन टेकलं, ऑफिसात त्याच्या गप्पा. मी पंपावर जाऊन "शंभरचं" म्हणायचो. २०१० च्या जूनमध्ये सरकारनं पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं. मी शंभरचं. माझ्या खिशातून दर खेपेला जायची ती एक नोट. वाढली असं म्हणायला काही नव्हतंच. फक्त आठवड्यातून दोनदा पंपावर जायचो तो तीनदा जायला लागलो, मग दिवसाआड, आणि मग पंपावरची पोरं ओळखायला लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे मिटून पेट्रोल भरत होतो.

आप्पा तसे नव्हते. आप्पांच्या तोंडी कायम लिटर. "दोन लिटर, आणि टू-टी घाल मापानं." पोरगा निळं-हिरवं ऑइल मापट्यातून ओतायचा तेव्हा आप्पा वाकून बघायचे, मापट्याच्या तळाशी काही राहिलं तर त्याला परत उपडं करायला लावायचे. घरी आल्यावर कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं "पे. २ लि." आणि पुढे दर. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. दर बदलला की त्याखाली रेघ. त्यांना भाव पाठ असायचा, आणि वाढला की त्या वाढीचा त्रासही व्हायचा, बोलून दाखवायचे. मला त्यांची लाज वाटायची. पंपावर दोन लिटर म्हणणारा माणूस म्हणजे हिशेबी माणूस, आणि मोठं झाल्यावर आपण नोट पुढे करायची, असं काहीतरी मी तेव्हाच ठरवलं असणार.

आणि ती रात्र आठवली. खरं तर हीच लिहायला बसलो होतो.

१९९० चा ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं होतं, वर्गात सगळ्यांना सद्दाम हुसेन माहीत होता. व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं पेट्रोलवर पंचवीस टक्क्यांचा आखाती अधिभार लावला. संध्याकाळी बातमी कळली आणि आप्पांनी चेतक काढली. काढली म्हणजे ढकलली. रांगेत उभं राहायला पेट्रोल जाळायचं नाही, म्हणून नौपाड्यातून पंपापर्यंत आम्ही दोघं ढकलत गेलो, मी मागून. रांग रस्त्यावर आली होती. स्कूटरी, लुना, एक-दोन फियाट. लोकांच्या हातात प्लॅस्टिकचे कॅन, एकाकडे तर चक्क गोड्या तेलाचा डबा. बारा वाजायच्या आत नंबर लागायला हवा. आमच्या पुढच्या माणसापाशी पंपावरचा दिवा विझला. "संपलं." मग आरडाओरडा. मग दिवा पुन्हा लागला. आमचा नंबर आला आणि मला वाटलं आता आप्पा टाकी फुल करणार, सगळे करत होते.

"दोन लिटर," आप्पा म्हणाले.

त्या रात्री लिटरमागे दोन-अडीच रुपये वाढणार होते. दोन लिटरचे चार-पाच रुपये. त्यासाठी दोन तास. तेव्हा वाटलं हे आप्पांचं नेहमीचंच. आज वाटतंय की तेवढेच होते खिशात. विचारायला आता...

असो.

चार रुपये त्यांनी उभं राहून वाचवले आणि चार रुपये मी नको म्हणालो. जुळवून बघितलं, पण जुळत नाही नीट. आप्पांना लाज वाटत नव्हती, हा फरक असेल. दोन लिटर म्हणताना त्यांनी मागे कोण उभं आहे ते बघितलं नव्हतं.

रांगांचं म्हणाल तर मला शेवटची मोठी रांग आठवते ती २०१२ च्या मे महिन्यातली. एका रात्रीत साडेसात रुपये. ऑफिस सुटल्यावर कोपरखैरण्याच्या बाजूला आम्ही सगळेच अडकलो, सावंत, नायर, आमचा साहेबसुद्धा त्याच्या सँट्रोत. कोणीतरी वडापाव आणले. साहेब गाडीतून उतरून आमच्यात येऊन उभा राहिला आणि सरकारला मराठीतून शिव्या घालायला लागला, आणि त्याचं मराठी आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. छान गेले दीड तास. माझा नंबर आल्यावर मी काय म्हणालो असेन? सावंत अजून सांगतो. "दीड तास रांगेत उभा राहून ह्या माणसाने शंभरचं टाकलं!"

२०१७ च्या १६ जूनपासून दर रोज सकाळी सहाला बदलायला लागला आणि रांगा संपल्या. नऊ पैसे, सतरा पैसे, अकरा पैसे. नऊ पैशांसाठी कोण उभं राहतं? वडापाव कोण आणतं? २०२२ च्या मार्चमध्ये, निवडणुकांचे निकाल लागल्यावर, रोजचे ऐंशी पैसे सुरू झाले तेव्हा ग्रुपवर सावंत रोज सकाळी "आजचे ऐंशी जमा करा" असा मेसेज टाकायचा, तेवढाच काय तो सोबतीला. मुंबईत तेव्हा १२० च्या वर गेलं होतं. इथे आपल्याकडेही त्याच आसपास.

मधे ते लॉकडाऊनचं एक वर्ष. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली गेला अशी बातमी आली. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही न्या. खाली सोसायटीत माझी ॲक्टिव्हा धूळ खात उभी, बॅटरी उतरलेली, आणि पंपावर दर शहात्तरच्या आसपास ढिम्म. दोन महिने एकही शंभरची नोट पंपावर गेली नाही. तेवढ्या दिवसांत तेलवाल्यांनी दराला हात लावला नाही, आणि जूनमध्ये जरा कुठे दारं किलकिली झाली तर सलग तीन आठवडे वाढ.

आणि २०२१ चा मे. महिन्याच्या शेवटी मुंबईत शंभर पार झालं, ठाण्यातही त्याच दिवसांत. मध्य प्रदेशात काही पंपांवर जुन्या मशिनांना तीन आकडी दर दाखवताच येईना, असं त्याच्या काही महिने आधी वाचलं होतं, तेव्हा हसलो होतो. पण त्या आठवड्यात मी शंभरचं म्हणालो आणि मशीनवर दोन्ही ओळींत जवळजवळ एकच गोष्ट होती. शंभर रुपये, एक लिटर. आप्पांचं मोजायचं माप आणि माझं, दोन्ही एका रेषेवर आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी दर बघितला आणि बघत राहिलो. पोरगा म्हणाला, "काका, झालं." पुढच्या खेपेला ०.९९.

म्हणजे तिथूनच सुरू झालं असणार हे. मला वाटतं तोपर्यंत शंभरचं म्हणणं हे थाटाचं होतं. नोट टाकली की काम झालं. ०.९९ झाल्यावर ते थाटाचं राहिलं नाही, पण मी मात्र म्हणत राहिलो. मला कोणी सांगितलंच नाही. आज एकानं सांगितलं.

हेमाचा भाऊ कायम एकशे दहाचं नाहीतर दोनशे दहाचं टाकतो. त्याच्या मते पूर्ण आकड्यात पंपवाले गडबड करतात. तो हे प्रत्येक लग्नात सांगतो. चिन्या म्हणतो बाबा इलेक्ट्रिक घ्या, त्यावर आज नको लिहायला. २०२४ च्या बजेटमध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा व्हॅट २६ वरून २५ टक्के झाला आणि पेट्रोल पासष्ट पैशांनी उतरलं. आत्ताच मांडून बघितलं, माझ्या शंभराला त्यात सहा मिलिलिटर जास्त मिळतं. चहाचा चमचा. त्याबद्दल मी पंपावर कुणाचे आभार मानलेले आठवत नाही.

आणि कमी पडलं ते किती? तीस-पस्तीस मिलिलिटर. कटिंगसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्यासाठी आख्खी संध्याकाळ. हेमा आत्ता येऊन बघून गेली, म्हणाली अजून तेच? मी म्हटलं हिशेब करतोय. ती म्हणाली तुझ्या वडिलांसारखा दिसायला लागलास, चष्मा नाकावर घेऊन. मला हसू आलं. आधी आलं नसतं.

कालनिर्णय समोरच लटकतोय. आजच्या चौकोनात पेन्सिलीनं "पे." लिहिलं. पुढे रुपये लिहायचे का लिटर, ठरेना. "०.९७ लि." असं लिहिलं. फार विचित्र दिसतं, औषधाचा डोस असल्यासारखं. तसंच ठेवलं.

उद्या गाडीचं काम नाही. शुक्रवारी पुन्हा भरावं लागेल, काटा आत्ताच लाल रेषेच्या जवळ आहे. त्या पोराच्या पंपावर जाऊन सरळ "एक लिटर" म्हणावं असं एकदा मनात आलं. जमेल असं वाटत नाही. तोंडातून शंभरचंच निघणार. शुक्रवारी ऐरोलीला जायचंच आहे नायरकडे, तर रबाळ्याच्या पंपावर भरीन. तिथं आता कोणी ओळखत नाही.