'दावा नामंजूर करण्यात आला'

एलसॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण हातात आले तेव्हा वाटलं, अवघड ते संपलं. अमेरिकेत जेडीला (तिथली कायद्याची पदवी) आधीची एक पदवी लागते, पण ती कुठल्या विषयातली असावी अशी अट नसते. त्यामुळे माझं कॉमर्स आडवं येणार नव्हतं. शिफारसपत्रं, मार्कलिस्ट, रेझ्युमे सगळं जमलं. उरलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःविषयीचा निबंध. बहुतेक ठिकाणी दोन पानं, तीही डबल स्पेसिंगमध्ये. दोन पानांना असा कितीसा वेळ लागणार म्हणून बसलो, आणि सहा आठवडे गेले.

पहिल्या मसुद्यात मला लहानपणापासून न्यायाची चाड होती. (खरं तर मला बस कंडक्टर व्हायचं होतं.) दुसरा म्हणजे रेझ्युमेच, परिच्छेद पाडून लिहिलेला. तिसरा ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंना दाखवला. त्या वकिली सोडून विम्यात आलेल्या. त्यांनी सात क्रियापदांभोवती पेन्सिलीने गोल केले आणि समासात लिहिलं, "कोणी?"

'जबाबदारी देण्यात आली', 'पद्धत सुधारली गेली'. मला त्यात काही खटकलंच नव्हतं. 'मी केलं' म्हणणं म्हणजे स्वतःचीच आरती ओवाळणं, हे अंगात मुरलेलं. आपण 'झालं' म्हणतो, फार तर 'माझ्याकडून झालं'.

मग लक्षात आलं, असली वाक्यं तर मी पगार घेऊन लिहितो. तीन वर्षं घरविम्याचे दावे तपासत होतो. पाइप अचानक फुटला तर भरपाई मिळते. तेच पाणी महिनोन्‌महिने झिरपत असेल तर सहसा नाही. एका बाईंच्या स्वयंपाकघरातली लाकडी जमीन भिंतीतल्या पाण्याने कुजली होती. मी पत्र धाडलं: दावा नामंजूर करण्यात आला आहे. त्यांचा फोन आला. "भिंतीच्या आत पाणी कधीपासून येतंय ते मला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?" मी पॉलिसीतलं कलम वाचून दाखवलं. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

चौथ्या मसुद्याचं पहिलं वाक्य: त्यांचा दावा मी नाकारला.

पुढचं दोन संध्याकाळींत उतरलं. 'अचानक' या शब्दाचा अर्थ शेवटी ठरवतं कोण, आणि तो ठरतो तिथे मला का जायचंय, एवढंच. शेवटी मी वंचितांसाठी लढण्याची शपथ घेतली होती, ती ऑफिसातल्या बाईंनी खोडली, बरं झालं. कॉलेजच्या एका गचाळ सेमिस्टरचा खुलासा वेगळ्या अॅडेंडममध्ये (पुरवणीत) टाकला, अर्ध्या पानात. स्टेटमेंटमध्ये रडगाणं नको. बर्कलीच्या लॉ स्कूलला चार पानांपर्यंत चालतं, तरी तिथेही तीच दोन पाठवली.

एका अर्जात मात्र शेवटच्या ओळीत भलत्याच लॉ स्कूलचं नाव होतं. पाठवायच्या आदल्या रात्री सापडलं. ते तिथे कसं आलं विचाराल तर मी अजूनही हेच म्हणेन, राहून गेलं.