सोनोग्राफीत सिस्ट आली, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी का?

तुम्ही विचारलंत म्हणून. रिपोर्ट हातात पडला की पुण्यात हाच प्रश्न ठरलेला: "किडनीवर सिस्ट लिहिलीय. पॉलिसिस्टिक का? पुढं डायलिसिस?" पॉलिसिस्टिक किडनी हा आई-वडिलांकडून येणारा आजार; त्यात दोन्ही किडन्या सिस्टनी, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांनी, भरत जातात. (पीसीओडीशी याचा काही संबंध नाही, तेही सांगून टाकतो. तो अंडाशयाचा विषय. साम्य फक्त नावात.)

'उजवी किडनी 10.4 सेंमी, वरच्या टोकाला 18 मिमीची साधी सिस्ट' एवढंच लिहिलेलं असेल आणि घरात कुणाला हा आजार नसेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. पन्नाशीनंतर अशी एखाददुसरी पाण्याची पिशवी पुष्कळांच्या किडनीत सापडते. पॉलिसिस्टिकचा रिपोर्ट वाचतानाच वेगळा कळतो. दोन्ही किडन्या 15-16 सेंमीपर्यंत वाढलेल्या, सिस्ट मोजता येणार नाहीत इतक्या, आणि बऱ्याचदा यकृतातही.

आईला किंवा वडिलांना हा आजार असेल, तर मात्र सिस्ट मोजाव्याच लागतात. वय 15 ते 39 असेल तर दोन्ही किडन्या मिळून 3 सिस्ट निदानाला पुरतात. 40 ते 59 मध्ये प्रत्येक किडनीत 2, साठीनंतर प्रत्येकीत 4. विशीतली स्वच्छ सोनोग्राफी म्हणजे सुटका नव्हे. गरज पडली तर एमआरआय किंवा जनुक तपासणी करतात. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता, मग मुलगा असो वा मुलगी. "थोरल्याला झाला, आता धाकटी सुटली" हे गणित साफ चुकीचं. आणि स्थळं बघायला सुरुवात झाली म्हणून मुलीची तपासणी टाळणं, हे तर तिच्याच मुळावर येतं.

कारण पहिलं लक्षण बहुधा दुखणं नसतं, बीपी असतं. तिशीत बीपी वाढलं की "आयटीतला ताण" म्हणून सोडून देतात. फुगणाऱ्या सिस्ट आजूबाजूच्या रक्तवाहिन्या दाबतात, रक्त कमी पोचतंय असं समजून किडनी बीपी चढवणारी संप्रेरकं सोडते. तेव्हा क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारी रक्ततपासणी) अगदी नॉर्मल असतं आणि तिथंच माणूस फसतो. उरलेल्या चांगल्या गाळण्या जादा काम ओढत राहतात, त्यामुळे किडनी वाढत असूनही क्रिएटिनिन कित्येक वर्षं हलत नाही. म्हणून किडनीचा आकार आणि घरचं बीपी बघायचं. पाच मिनिटं शांत बसून, दंड आधाराला ठेवून, दोनदा मोजा आणि वहीत लिहा.

कुशीत जडपणा, मंद ठणका हा वाढलेल्या आकाराचा. अचानक कळ आली तर मुतखडा किंवा सिस्टमध्ये रक्तस्राव. लघवी लाल झाली तर डॉक्टरांना कळवा; विश्रांती आणि पाण्यानं सहसा काही दिवसांत थांबते. लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र थेट दवाखाना. ताप आणि एका बाजूला दुखणं म्हणजे सिस्टमध्ये जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी लघवीचं कल्चर (जंतू शोधणारी तपासणी) स्वच्छ येऊ शकतं, कारण बहुतेक सिस्ट मूत्रमार्गापासून तुटून बंद झालेल्या असतात. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू झाली, तर एक मिनिट दवडू नका. या रुग्णांत मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे.

दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन केमिस्टकडून परस्पर आणू नका. सिस्ट विरघळवणारे काढेही नकोत. सिस्ट म्हणजे खडा नव्हे. मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण आलं. किडनी चांगली चालत असेल तर पाणी अडीच-तीन लिटर. निकामी होत आली असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. टॉल्व्हॅप्टन हे औषध सिस्टची वाढ मंदावतं, थांबवत नाही. ते वेगानं वाढणाऱ्या आजारासाठी. लघवी भरपूर होते आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

किडनी द्यायला सख्खं भावंड पुढं आलं, तर आधी त्याचीच तपासणी पक्की व्हायला हवी. घरात दाता नसेल, तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत नाव घालावं लागतं. ते रुग्णालयामार्फतच होतं.